वरून जात दिसत नाही म्हणे!

वरून बघितलं की सगळंच गोंडस दिसतं. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खालच्या नळावरची भांडणंसुद्धा गमतीची वाटतात. मग चारशे किलोमीटरवरून काय विचारता! निळा गोळा, पांढरे ढग, तपकिरी चट्टे. ना महारवाडा, ना मांगवाडा, ना पाणवठा. हा निळा गोळा बघून पांढरपेशांच्या डोळ्यांत जेवढं पाणी येतं, तेवढं आमच्या आज्या-पणज्यांना प्यायला मिळालं असतं तर महाडला सत्याग्रह करायची वेळ आली नसती.

दोस्तहो, मी फोटोच्या विरुद्ध नाही. फोटोबरोबर जे प्रवचन फुकट येतं, त्याच्या विरुद्ध आहे.

जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात गेला. तिथून पंतप्रधानांशी बोलताना तो म्हणाला, भारत नकाशात दिसतो त्याहून कितीतरी मोठा, भव्य दिसतो. आणि वरून कुठलीच सीमा दिसत नाही. त्याच्यावर माझा राग नाही. नवा गेलेला माणूस, समोर पंतप्रधान, सगळा देश ऐकतोय, दुसरं काय बोलणार? १९८४ च्या एप्रिलमध्ये इंदिरा गांधींनी राकेश शर्माला विचारलं होतं, वरून भारत कसा दिसतो. त्यानं इक्बालच्या गाण्याचा मुखडा ऐकवला. एकेचाळीस वर्षं झाली, मासला तोच. गटारातून डोकं वर काढणाऱ्याला अजून कुठल्या पंतप्रधानानं फोन लावून विचारलेलं नाही की बाबा रे, खालून भारत कसा दिसतो?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमचे साहेब मोबाईल नाचवत टेबलाशी आले. म्हणाले, "बघ. वरून बॉर्डर दिसत नाही, धर्म दिसत नाही, जात दिसत नाही. तुम्ही लोक अजून तिथंच." शुक्ला बिचारा सीमेबद्दल बोलला होता. जात साहेबांनी पदरची घातली. आणि 'तिथंच' म्हणजे कुठं, ते सांगितलं नाही. हा लेख त्या 'तिथंच' साठी आहे.

या साहेबी अध्यात्माला इंग्रजीत नावसुद्धा आहे. फ्रँक व्हाईट नावाच्या लेखकानं १९८७ साली 'द ओव्हरव्ह्यू इफेक्ट' या नावाचं पुस्तकच काढलं. वर गेलेला माणूस खाली बघतो, त्याला पृथ्वी एक, माणूस एक असा साक्षात्कार होतो, तो बदलून खाली येतो. होत असेल. पण आमच्याकडे हा इफेक्ट दोन हजार वर्षं जुना आहे, आणि त्याला रॉकेट लागत नाही. उतरंडीच्या वरच्या मडक्यात जन्माला आलं की झालं. वरच्याला सगळं एकच दिसतं. अद्वैत म्हणा, हिंदू ऐक्य म्हणा, समरसता म्हणा. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती फक्त खालून मोजता येते, कारण प्रत्येक पायरी ज्याच्या मानेवर आहे त्यालाच तिचं वजन कळतं.

आता जरा फोटोंकडेच बघू. भाविकाच्या नाही, पंचनाम्याच्या नजरेनं.

२४ डिसेंबर १९६८. अपोलो ८ चंद्राभोवती चौथी फेरी मारत होतं. बिल अँडर्सनं हॅसलब्लाड कॅमेऱ्यानं तो जगप्रसिद्ध फोटो काढला. खाली चंद्राची राखाडी जमीन, वर काळं आकाश, मधे अर्धी निळी पृथ्वी. नाव पडलं 'अर्थराइज', पृथ्वीचा उदय. या नावात आणि या फोटोत किती लबाडी आहे बघा. चंद्रावर उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वी उगवताना दिसतच नाही. ती आकाशात जवळजवळ एकाच जागी टांगलेली असते. उगवल्यासारखी दिसली, कारण यान पळत होतं. दुसरं म्हणजे, मूळ फोटोत चंद्राची कड आडवी नाही, भिंतीसारखी उभी आहे आणि पृथ्वी तिच्या बाजूला आहे. छापताना तो फोटो फिरवला. का? तर वाचकाला पायाखाली जमीन पाहिजे. चार वर्षांनी, ७ डिसेंबर १९७२ ला, अपोलो १७ वरून अख्ख्या पृथ्वीचा फोटो निघाला, 'ब्लू मार्बल'. त्यात दक्षिण ध्रुव वर होता, आफ्रिका उलटी. तोही फिरवून उत्तर वर केली. मगच तो शाळेच्या भिंतीवर लागला.

म्हणजे अवकाशात वर-खाली नव्हतं. वर-खाली आपण घरून डब्यात बांधून नेलं.

अँडर्सनं कॅमेरा उचलला तेव्हा कप्तान बोरमननं त्याची थट्टा केली होती की हा फोटो काढू नको, शेड्यूलमध्ये नाही. खरंच नव्हता, शेड्यूल चंद्राच्या खड्ड्यांचं होतं. शेड्यूलमध्ये आम्ही होतो. पण ते शेड्यूल वेगळं, १९५० सालचं, राष्ट्रपतींच्या सहीचं.

आणि या शेड्यूलवाल्यांचं त्या आठवड्यात काय चाललं होतं? तो फोटो निघाला तेव्हा आपल्या घड्याळात २४ तारखेच्या रात्रीचे दहा वाजून गेले होते. पुढे काही तासांनी तिघा अंतराळवीरांनी चंद्राभोवती फिरता फिरता बायबलमधली विश्वनिर्मितीची कथा जगाला वाचून दाखवली. २५ तारखेच्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये आर्चिबाल्ड मॅक्लिश या मोठ्या कवीचा लेख आला. आपण सगळे या पृथ्वीवरचे सहप्रवासी, अनंत थंडीत एकमेकांचे भाऊ, असा त्याचा भावार्थ. फोटोची फिल्म अजून यानातच होती, धुवायचीसुद्धा होती. पण कवींचा साक्षात्कार झाला सुद्धा.

त्याच २५ तारखेच्या रात्री तामिळनाडूत, तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात, मजुरीला थोडं जास्त भात मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर जमीनदारांची टोळी चालून आली. माणसं जीव वाचवायला एका झोपडीत शिरली. बहुतेक बाया, पोरं, म्हातारी. झोपडीला आग लावली. ४४ माणसं जळाली. खालच्या कोर्टानं काही जमीनदारांना शिक्षा दिली, हायकोर्टानं सगळ्यांना सोडलं. कोर्टाचा मुद्दा असा की एवढे श्रीमंत, प्रतिष्ठित लोक नोकरचाकर असताना स्वतः पायी चालत जाऊन आग लावतील हे पटत नाही. एका झोपडीत ४४ भाऊ. अपोलो ८ तेव्हा परतीच्या वाटेवर होतं. त्यांच्या खिडकीतून ती आग दिसली नसणार, मला मान्य आहे. माझं म्हणणं अंतराळवीरांशी नाहीच. माझं म्हणणं त्यांच्याशी आहे, जे कीळवेण्मणीपासून दहा मैलांवर राहून चंद्रावरून बघत होते.

आणखी एक फोटो आहे, त्याची कॅलेंडरं निघत नाहीत. अवकाशातून काढलेला पृथ्वीचा सगळ्यात पहिला फोटो. २४ ऑक्टोबर १९४६, अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स. कॅमेरा बसवला होता तो व्ही-२ रॉकेटवर. जर्मनीतून जप्त करून आणलेलं हिटलरचं रॉकेट. ते १०५ किलोमीटर वर गेलं, दर दीड सेकंदाला एक फोटो काढत, आणि खाली आदळलं. पोलादी डब्यातली फिल्म वाचली. करड्या रंगाचे ढग, वाकलेलं क्षितिज, मागं काळोख. ही व्ही-२ रॉकेटं कुणी बनवली? मिटेलबाउ-डोरा या छळछावणीच्या कैद्यांनी, डोंगरात खणलेल्या बोगद्यांत. सुमारे साठ हजार कैदी तिथं राबवले गेले, त्यातले वीस हजारांच्या आसपास मेले. रॉकेट डोक्यावर पडून जेवढे मेले त्याहून जास्त ते बनवताना मेले. त्या रॉकेटचा बाप व्हेर्नर फॉन ब्राउन. त्यानंच पुढे अपोलोला चंद्राकडे नेणारं सॅटर्न रॉकेट उभं केलं. तर पृथ्वी 'एक' आहे हे पहिल्यांदा ज्या उंचीवरून दिसलं, ती उंची गुलामांच्या हाडांवर रचलेली होती. हे कुठल्या प्लॅनेटोरियममध्ये सांगतात?

अमेरिकेतल्या काळ्यांनी हे वेळेवर ओळखलं होतं. मार्टिन ल्यूथर किंगच्या खुनानंतर त्याचा साथी राल्फ अॅबरनॅथी १५ जुलै १९६९ ला, चंद्रावर माणूस निघायच्या आदल्या दिवशी, गरीब कुटुंबं आणि खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडीला धडकला. नासाचा प्रमुख थॉमस पेन बाहेर आला. न उडवल्यानं गरिबी हटणार असती तर आम्ही रॉकेट उडवलं नसतं, असं काहीसं तो बोलला. वर म्हणाला, तुमच्या गाड्या आमच्या रॉकेटला जोडा. खेचराची गाडी रॉकेटला! माणूस वाईट नव्हता म्हणतात. मोर्चातल्या लोकांना त्यानं रॉकेट बघायला पास दिले. आमच्याकडेही मोर्चा गेला की पासच मिळतात. पुढच्याच वर्षी गिल स्कॉट-हेरननं 'व्हायटी ऑन द मून' म्हटलं. ज्या काळ्या पँथरचं नाव १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी उचललं, तो याच रस्त्यावरचा. तेव्हा 'अंतराळ आणि तुमचा काय संबंध' असं कुणी विचारू नये. संबंध नावातच आहे.

आता असली मुद्द्यावर येतो. नाकाला रुमाल लावणाऱ्यांनी आत्ताच लावून घ्यावा.

अपोलो ८ ची कीर्तनं करणारे एक गोष्ट गाळतात. चंद्राच्या वाटेवर कप्तान बोरमन आजारी पडला. ओकारी आणि जुलाब. वजनहीन यानात ते खाली पडत नाही. गोळे गोळे होऊन हवेत तरंगायला लागतं. आणि मग अमेरिकेचे निवडक वीर कागदी रुमाल हातात घेऊन ते गोळे पकडत हिंडले. अपोलोत संडास नव्हता. प्लॅस्टिकची पिशवी ढुंगणाला चिकटवायची, काम उरकायचं, मग पिशवीत जंतुनाशक टाकून ती बाहेरून हातानं मळायची, म्हणजे आत वायू धरून पिशवी फुटू नये. स्वतःची स्वतः. कप्तान असो की शास्त्रज्ञ. मळून, गुंडाळून, पृथ्वीवर परत आणायची. आजच्या अवकाश स्थानकात संडास आहे. तो बिघडला की तिथलेच पीएच.डी. झालेले, लढाऊ विमानं चालवलेले लोक बाह्या सारून तो उघडतात. लघवी गाळून तेच पाणी पुन्हा पितात. २०२३ साली नासानं सांगितलं की तिथं ९८ टक्के पाणी परत मिळवता येतं.

कुणी बाटत नाही. कुणाला अंघोळ करावी लागत नाही. गोमूत्र शिंपडावं लागत नाही.

साहेब, अवकाशात जात का टिकत नाही याचं उत्तर तुमच्या निळ्या गोळ्यात नाही, ते या पिशवीत आहे. तिथं गू तरंगतो. घाण खाली टाकायला आधी 'खाली' लागतं, आणि ती उचलायला खाली उभा केलेला माणूस लागतो. ते 'खाली' काढून घेतलं की फायटर पायलटसुद्धा मुकाट आपली पिशवी मळतो. एवढं साधं आहे. त्याला ना अध्यात्म लागतं, ना ओव्हरव्ह्यू.

आणि जमिनीवर? २०१३ साली कायदा झाला, हातानं मैला उचलायला लावणं गुन्हा. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, २०२३ साली तीस लाख केले. सरकार संसदेत सांगतं, हातानं मैला उचलताना कुणी मेल्याची नोंद नाही; 'गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईत' मात्र २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ३७७ माणसं मेली. शब्द बदलला, मयत तीच. गूचं नाव बदललं म्हणजे गटारातला गॅस बदलतो काय?

जुलै २०१३ मध्ये इटलीचा अंतराळवीर लुका पार्मितानो स्थानकाबाहेर काम करत असताना त्याच्या हेल्मेटमध्ये पाणी साचायला लागलं. लिटर-दीड लिटर. ताबडतोब काम थांबवून त्याला आत घेतलं. मग चौकशी समिती बसली, मोठा अहवाल आला, एकेक नळी तपासली. आणि बरोबरच आहे! माणसाचा जीव आहे. बाहेर जाणाऱ्याला दोर असतो, जोडीदार असतो, त्याच्या छातीचे ठोके हजारो किलोमीटरवर कुणीतरी मोजत बसलेलं असतं. आमच्या माणसाला चड्डीवर उतरवतात. दोर असला तर कमरेला, आणि बऱ्याच वेळा तो मेल्यावर वर ओढायलाच कामाला येतो. जोडीदारही असतो, पहिला वर येईना म्हणून बघायला उतरतो आणि तोही राहतो.

गॅस कळत नाही म्हणे. ऐका. २०२२ साली एक अभ्यास छापून आला. दिल्ली, मुंबई, लाहोर, ब्युनोस आयर्स इथल्या कचऱ्याच्या डोंगरांतून तासाला किती टन मिथेन निघतो हे उपग्रहांनी मोजलं. त्यातला एक उपग्रह आठशे किलोमीटरवरून फिरतो. गटारात माणूस मारणाऱ्या वायूंमध्ये हाच मिथेन असतो, सोबतीला हायड्रोजन सल्फाइड. म्हणजे आठशे किलोमीटरवरून जो वायू मोजता येतो, तो झाकण उघडून सहा फुटांवरून मोजायला आमच्या नगरपालिकांना आणि ठेकेदारांना जमत नाही. २०१९ साली सोडलेला आपलाच कार्टोसॅट-३ पाचशे किलोमीटरवरून पाव मीटरची वस्तू ओळखतो. मॅनहोलचं झाकण दोन फुटांचं असतं. वरून झाकण दिसतं, साहेब. झाकण उघडं आहे हेही दिसेल.

तेव्हा वरून दिसत नाही ही थाप आहे. वरून जे बघायचं ठरवलं ते सगळं दिसतं. सीमा दिसत नाही म्हणता? २०११ साली अवकाश स्थानकावरून रात्री काढलेला भारत-पाकिस्तान सीमेचा फोटो नासानंच छापलाय. नारिंगी रंगाची लांबच लांब रेघ, वळणं घेत गेलेली. सरकारनं लावलेल्या फ्लडलाइटची. ज्या रेघेवर दिवे लावले ती दिसते. गाव आणि वस्ती यांच्यामधल्या रेघेवर कुणी दिवे लावत नाही, कधीकधी वस्तीतसुद्धा लावत नाही. पण दिवसाच्या फोटोत बघा. आपल्या कुठल्याही गावाचं चित्र मोठं करा. मधे दाट घरं, देवळाचं आवार, डांबरी रस्ता. मग एक रिकामी पट्टी. मग ओढ्याच्या खालच्या अंगाला पत्र्यांचा वेगळा पुंजका, तिथं रस्ता कच्चा होतो. ती पट्टी म्हणजे जात. मीटरमध्ये मोजता येते.

आणि यांना वरून अजून एक गोष्ट अगदी स्वच्छ दिसते: अतिक्रमण. गुजरातेत आदिवासींचे वनहक्काचे दावे उपग्रहाच्या फोटोंवर बोट ठेवून फेटाळले. तुमच्या जमिनीवर त्या साली शेती दिसत नाही, चला निघा. नुसत्या फोटोवर दावा फेटाळू नका, बाकीचे पुरावेही बघा, हे २०१३ साली हायकोर्टाला सांगावं लागलं. जात दिसत नाही, भूक दिसत नाही, आदिवासीचं पायाखालचं जंगल मात्र ठिपक्याठिपक्यानं दिसतं!

म्हणून मी म्हणतो, हे आकाश यांच्या बापाचं नाही. रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचं होतं. सेगन म्हणजे तोच, ज्याच्या आग्रहावरून १४ फेब्रुवारी १९९० ला व्हॉयेजरनं सहाशे कोटी किलोमीटरवरून मागं वळून पृथ्वीचा फोटो घेतला. पृथ्वी त्यात एका ठिपक्याएवढीही भरत नाही. तो ठिपका रोहितला आमच्या साहेबांपेक्षा शंभरपट कळला होता. कळूनसुद्धा १७ जानेवारी २०१६ ला आम्ही त्याला गमावलं. ठिपका कळणाऱ्याला जमिनीवर जागा मिळाली नाही, आणि ज्यांची जागा पक्की आहे ते आम्हांला ठिपका शिकवतात.

त्या फोटोनंतर बरोबर दोन महिन्यांनी आली १४ एप्रिल १९९०. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. महाराष्ट्रात गायरान कसणाऱ्या भूमिहीनांना ही तारीख तोंडपाठ आहे, कारण सरकारनं त्यांचं अतिक्रमण नियमित करायचं ठरवलं ते या दिवसापर्यंतचं. पुरावा दाखवा म्हणतात. पुरावा म्हणजे गाव नमुना १-ई मधली तलाठ्याची नोंद, दंडाची पावती. तलाठ्यानं नोंद केलीच नाही, कारण पाटलानं करू दिली नाही. मराठवाड्यातली किती म्हातारी माणसं या एका नोंदीसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवत मेली.

आता हिशेब बघा. अमेरिकेचा लँडसॅट-५ हा उपग्रह १९८४ पासून दर सोळा दिवसांनी आपल्या डोक्यावरून जात होता. आपला आय.आर.एस.-१ए मार्च १९८८ मध्ये गेला. म्हणजे १४ एप्रिल १९९० च्या आधीचे गायरानांचे फोटो कुठंतरी पडलेले आहेत. लँडसॅटचे तर २००८ पासून कुणालाही फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका तीस मीटरचा. दोन एकर जमीन म्हणजे असे नऊ ठिपके. त्या फोटोंच्या एका प्रकारात उभं पीक हिरवं नाही, लाल दिसतं. पडीक माळ करडा. कोण कसत होतं ते फोटोत दिसणार नाही, त्याला साक्षीदार लागतील, आणि नुसत्या नऊ ठिपक्यांवर तहसीलदार सातबारा काढून देणार नाही. पण 'ही जमीन पडीकच होती' हे तलाठ्याचं लिहिणं तरी तिथल्या तिथं खोटं पडेल.

आपली पोरं इंजिनियर झालीत, कंपन्यांत नकाशे काढतात, दिवसभर मोबाईलवर असतात. सुट्टीच्या दिवशी गावी जायचं, ज्याला गायरानाचा गट नंबर आणि बांध पाठ आहेत असा एक म्हातारा शेजारी बसवायचा, आणि ऑक्टोबर १९८९ चा फोटो उघडायचा.